काळ्या पट्ट्यांवरून गाडीचा वेग: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

विषय एकदाचा पक्का झाला. अपघाताच्या तपासात रस्त्यावरच्या टायरच्या खुणा मोजून गाडीचा वेग काढतात. आम्ही सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करणार. वेग, ब्रेक आणि स्टिअरिंग आम्ही द्यायचं, प्रोग्रामने गाडी पळवायची आणि चारही टायर रस्त्यावर काय उमटवतील ते काढून द्यायचं. मग त्या खुणांना तपासातली नेहमीची सूत्रं लावायची. खरा वेग आम्हाला आधीच माहीत असणार, त्यामुळे सूत्र कुठे आणि कितीने चुकतं ते लपून राहणार नाही.

सरांचा पहिलाच प्रश्न: "खूण कशाची उमटते? वेगाची की घसरण्याची?" उत्तर सोपं वाटतं, पण अर्धा प्रकल्प त्यातच आहे. सुरळीत फिरणारं चाक ताशी १२० ने गेलं तरी कोरड्या रस्त्यावर काही मागे ठेवत नाही. खूण होते ती रबर आणि रस्ता यांच्यात घासाघास झाली तरच.

९ जानेवारी

गाडीचे आकडे ठरवले. वस्तुमान १२०० किलो, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २.५ मीटर, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १.५ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटर वर. उभ्या गाडीचं ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर, ४० टक्के मागच्या.

टायरच्या बलासाठी मॅजिक फॉर्म्युला घेतला. १९८०च्या दशकात डेल्फ्टच्या विद्यापीठात आकाराला आलेलं हे समीकरण आजही वाहन-गतिकीत सर्रास वापरतात. ब्रेक लावताना चाक गाडीपेक्षा थोडं मंद फिरतं, त्याला स्लिप म्हणायचं. स्लिप १० ते २० टक्क्यांच्या आसपास असताना पकड सर्वात जास्त असते. चाक पूर्ण जाम झालं, म्हणजे स्लिप १०० टक्के, की पकड थोडी उतरते. कोरड्या डांबरासाठी शिखरावर ०.८ आणि जाम चाकाला ०.७ असे घर्षण गुणांक धरले.

१४ जानेवारी

खूण किती गडद काढायची, यावर दोन दिवस वाद चालला.

पहिला विचार असा की घर्षणबल गुणिले घसरण्याचा वेग, म्हणजे शक्ती, जितकी जास्त तितकी खूण काळी. चालवून पाहिलं तर जाम चाकाचा पट्टा सुरुवातीला कुळकुळीत आणि गाडी थांबते तिथे पुसट. रस्त्यावर नेमकं याच्या उलट दिसतं. ब्रेकचा पट्टा पुसट सावलीसारखा सुरू होतो, गडद होत जातो आणि गाडी थांबली तिथे कापल्यासारखा संपतो.

म्हणून नियम बदलला. आता दर मीटर रस्त्यामागे किती ऊर्जा घासण्यात गेली ते मोजतो, आणि शिवाय रबराचं तापमान धरतो. जाम चाकात टायरचा एकच तुकडा सतत रस्त्याशी घासत असतो, तो तापत जातो. फिरणाऱ्या चाकात मात्र दर क्षणी थंड रबर खाली येतं. डांबरी रस्त्यावर ही उष्णता वरचं बिटुमेनही मऊ करून फासते. काँक्रीटवर तसं बिटुमेन नसतं, तिथे खूण म्हणजे मुख्यतः चिकटून राहिलेलं रबर.

या नियमाची आपसूक मिळालेली पावती: उभ्या गाडीला जोरात अॅक्सिलरेटर देऊन चाकं जागच्या जागी फिरवली, तर खूण सुरुवातीला गडद आणि पुढे पुसट आली. प्रत्यक्षातही तशीच येते. गाडी अजून हललेली नसताना सगळी ऊर्जा एकाच जागी जिरते, नंतर ती लांबीवर पसरते. त्यासाठी वेगळं काहीच जुळवावं लागलं नाही. म्हणजे एखाद्या पट्ट्याचं कोणतं टोक पुसट आहे एवढ्यावरून तो ब्रेकचा की पिकअपचा हे सांगता येतं, अर्थात गाडी कोणत्या दिशेने जात होती ते ठाऊक असेल तर.

२० जानेवारी

सरळ रेषेतली पहिली कसोटी. ताशी ६० किलोमीटर, जोरात ब्रेक, चारही चाकं जाम.

सूत्र शाळेतलंच आहे: गतिज ऊर्जा सगळी घर्षणात गेली. वेगाचा वर्ग = २ × घर्षण गुणांक × गुरुत्वत्वरण × पट्ट्याची लांबी. वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि लांबी मीटरमध्ये हवी असेल तर वेग = √(२५४ × घर्षण गुणांक × लांबी). ६० च्या वेगाला २० मीटरच्या जरा वर पट्टा यायला हवा.

प्रोग्रामने पुढच्या चाकाचा पट्टा काढला १६.३ मीटर. त्यावरून वेग निघतो ५४ च्या आत.

हरवलेले सहा किलोमीटर कुठे गेले? पायाने पेडल दाबल्यापासून चाक जाम होईपर्यंत ०.३ सेकंद धरले आहेत. तेवढ्यात गाडी जवळजवळ ५ मीटर पुढे जाते आणि सेकंदाला एक मीटरने वेग गमावते, तेही काही न उमटवता. पुढचा दीडेक मीटर रबर तापण्यात जातो. म्हणजे पट्टा दिसायला लागला त्याच्या आधीच ब्रेक कामाला लागलेला असतो. म्हणूनच पट्ट्याच्या लांबीवरून येणारा आकडा "निदान एवढा तरी" असाच वाचायचा. न्यायालयात असा आकडा चालतो तो याच गुणामुळे: तो चालकाच्या बाजूने चुकतो.

एक गंमत इथेच नोंदवून ठेवतो. मागच्या आणि पुढच्या चाकांचे पट्टे एकावर एक पडतात, त्यामुळे मोजणारा मागच्या चाकाच्या सुरुवातीपासून पुढच्या चाकाच्या शेवटापर्यंत टेप धरतो. त्यात व्हीलबेसचे २.५ मीटर फुकटचे येतात आणि उत्तर जवळपास ५८ येतं. खऱ्या ६० च्या किती जवळ! दोन चुका एकमेकींना खातात आणि मोजणाऱ्याला वाटतं की सगळं बरोबर चाललंय. सरांनी सांगितलं, व्हीलबेस वजा केलाच पाहिजे, उत्तर बिघडलं तरी.

२१ जानेवारी

कालच्याच धावेत पुढचे पट्टे मागच्यांच्या जवळपास तिप्पट गडद आलेत. हिशेब जुळतो. ०.७ पट गुरुत्वत्वरणाने गाडी मंदावताना मागून पुढे सरकणारा भार = १२०० × ०.७ × ०.५५ ÷ २.५, म्हणजे १८५ किलो. पुढे ७२० चे ९०५ झाले, मागे ४८० चे २९५ उरले.

खऱ्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट असते जी आमच्यात नव्हती. जास्त भाराने पुढचा टायर दबतो, मधला भाग हलका होतो आणि दोन्ही कडांवर जोर येतो. त्यामुळे पुढच्या पट्ट्याच्या कडा काळ्या आणि मध्य फिका दिसतो, मागचा मात्र रुंदीभर सारखा. टायर एका बिंदूने टेकतो असं धरून हे कधीच दिसणार नाही. म्हणून टायरची रुंदी उभ्या पट्ट्यांमध्ये विभागली. प्रोग्राम संथ झाला, पण चित्र बरंच खरं वाटायला लागलं.

२३ जानेवारी

एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, चालू करून तीच धाव. पट्टा जवळजवळ नाहीच. निरखून पाहिलं तर पुसट, तुटक तुकडे.

कारण सरळ आहे. एबीएस स्लिप १५ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवतं. एक मीटर रस्त्यामागे टायर फक्त १५ सेंटीमीटर घासतो, जाम चाक पूर्ण मीटरभर घासतं. बल थोडं जास्त धरूनही ऊर्जा सहाव्या हिश्श्यावर येते, आणि दर क्षणी रबर नवं. कारसाठीचं आजच्या धर्तीचं इलेक्ट्रॉनिक एबीएस बॉशने १९७८ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लासमधून आणलं. त्याआधीच्या तपासाची सगळी शिस्त लांबलचक काळ्या पट्ट्यांवर उभी होती. आता "पट्टा नाही, म्हणजे ब्रेक मारलाच नाही" असं म्हणणाऱ्याला आमच्या स्क्रीनवरची ही धाव दाखवावी.

२८ जानेवारी

सस्पेन्शन जोडलं. चाक आणि एक्सल यांची स्वतःची उडी कारमध्ये साधारण सेकंदाला १० ते १५ वेळा होते. जाम चाक उसळायला लागलं की पट्टा तुटक येतो. सेकंदाला १२ उड्या आणि १५ मीटर वेग धरला तर तुकड्यांमधलं अंतर सव्वा मीटर. गाडी मंदावते तसे तुकडे जवळ येतात. रिकाम्या ट्रेलरचे असे तुटक पट्टे नेहमीच दिसतात.

याला दुसऱ्या एका तुटक पट्ट्यापासून वेगळं काढायला हवं. चालकाने ब्रेक सोडून पुन्हा मारला तर मध्ये कितीतरी मीटर मोकळी जागा राहते. मोजताना उड्यांच्या फटी लांबीत धरायच्या, कारण सरासरीने भार तेवढाच राहतो. ब्रेक सोडल्याची मोकळी जागा मात्र वगळायची.

३ फेब्रुवारी

आता वळण. मला खरा रस इथेच होता.

ताशी ८४ ने जाणाऱ्या गाडीला एकदम स्टिअरिंग दिलं, ब्रेक नाही. टायरना मागितलेलं बल मिळेना, गाडी आडवी सरकत वळायला लागली. रस्त्यावर उमटल्या त्या दोनच ठळक कमानी, दोन्ही बाहेरच्या बाजूच्या टायरच्या. आडव्या भाराचा हिशेब सरळ ब्रेकसारखाच: १२०० × ०.७ × ०.५५ ÷ १.५, म्हणजे ३०८ किलो आतून बाहेर सरकले. आतल्या चाकांवर जेमतेम निम्मा भार उरला.

सुरुवातीला मागचं चाक पुढच्याच्या आतून जात होतं, कुठल्याही गाडीचं हळू वळताना जातं तसं. मग गाडीचं शेपूट बाहेर पडायला लागलं आणि मागच्या चाकाची कमान पुढच्या चाकाच्या कमानीला छेदून बाहेर गेली. त्या छेदाच्या पुढे मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग जात नाहीत, बाहेरून पळतात.

सूत्र: वेगाचा वर्ग = घर्षण गुणांक × गुरुत्वत्वरण × त्रिज्या. त्रिज्या काढायला कमानीवर जीवा टाकायची आणि जीवेच्या मध्यापासून कमानीपर्यंतची उंची मोजायची. जीवेचा वर्ग भागिले उंचीची आठपट, अधिक उंचीचा निम्मा. आमची जीवा ३० मीटर, उंची १.५ मीटर, त्रिज्या ७५.७५. गुरुत्वमध्य बाहेरच्या टायरच्या आत असतो म्हणून पाऊण मीटर वजा. वेग आला ८१.७.

मॉडेलमध्ये जीवेच्या मध्यावर वेग होता साधारण ८२. उत्तम. सुरुवातीच्या ८४ पासून तो उतरला कारण आडवा टायर थोडा ब्रेकसारखाही वागतो. गाडीचं तोंड जाण्याच्या दिशेपासून १० अंशांनी फिरलेलं असेल तर निव्वळ त्यामुळे गुरुत्वत्वरणाच्या आठव्या हिश्श्याएवढी मंदी येते. म्हणून जीवा कमानीच्या सुरुवातीलाच टाकायची, गाडी पुरती आडवी झाल्यावर नाही.

उंची मोजताना १० सेंटीमीटरची गल्लत, म्हणजे १.५ ऐवजी १.४, तर उत्तर तीन किलोमीटरने वाढतं. पट्टाच २० सेंटीमीटर रुंद असताना टेप त्याच्या बाहेरच्या कडेला धरायचा की मध्याला, हे आधी ठरवून घेतलेलं बरं.

८ फेब्रुवारी

बंद आवारातल्या कोरड्या डांबरी पट्ट्यावर खरी चाचणी. परवानगी काढलेली, गाडी चालवायला सरावलेला माणूस, दोन्ही टोकांना अडथळे लावलेले. एबीएस बंद ठेवून ४० च्या वेगाने सरळ ब्रेक. पकड मोजणाऱ्या यंत्राने सरासरी मंदी दाखवली ०.७२, म्हणजे आमचे ०.७ फार लांब नाहीत. नंतर १८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात टायर सुटेपर्यंत वेग वाढवला.

सरळ पट्ट्यावर वाकून पाहिलं. डांबरातल्या खडीचे फक्त माथे काळे झालेत, मधल्या खाचा तशाच राखाडी. पट्ट्यात उभ्या रेषा, टायरच्या नक्षीतल्या (ट्रेडच्या) खाचांच्या रुंदीने. कडेला रबराच्या बारीक वळलेल्या कण्या, बोटाने हलवल्या तर घरंगळतात.

वळणावरचा पट्टा अगदी वेगळा. त्यात आडव्या रेषा, जवळजवळ पट्ट्याला काटकोनात. ऊन तिरपं झालं तेव्हा त्या उठून दिसल्या. भर दुपारी त्याच जागी उभं राहून काही दिसलं नव्हतं. पट्ट्याच्या दिशेने दोरी ताणली आणि कोनमापक ठेवून रेषांचा कोन घेतला: ऐंशीच्या आसपास. मग चालकाला सांगितलं, याच वर्तुळात या वेळी ब्रेकवर हलका पाय ठेवा. रेषा लगेच कलल्या.

१२ फेब्रुवारी

त्या कललेल्या रेषांनी चार दिवस खाल्ले, पण प्रकल्पाचा गाभा यातच सापडला.

रेषा म्हणजे टायरचा टेकलेला भाग रस्त्यावरून ज्या दिशेने घासला ती दिशा. चाक मोकळं फिरत असेल तर ते पुढच्या दिशेने घासतच नाही, फक्त आपल्या एक्सलच्या दिशेने सरकतं. चाक जाण्याच्या दिशेपासून १० अंश वळलेलं असेल तर रेषांचा पट्ट्याशी कोन ८० अंश. ब्रेक लावून १० टक्के स्लिप दिली की घासण्यात पुढचाही वाटा येतो आणि कोन एकदम ५० वर उतरतो. पूर्ण जाम केलं तर शून्य, रेषा पट्ट्याला समांतर. अॅक्सिलरेटर दिला तर पलीकडे कलतात, ११० अंशांकडे.

यावर मुद्दा उभा राहतो तो असा. टायरची एकूण पकड ठरलेली असते. जर्मन अभियंता वुनिबाल्ड काम यांच्या नावाने ओळखलं जाणारं घर्षण वर्तुळ हेच सांगतं. ब्रेकला काही भाग दिला की वळायला कमी उरतो. मग तीच गाडी त्याच वेगाने मोठ्या त्रिज्येची कमान काढते, आणि वळणाचं सूत्र मोठी त्रिज्या पाहून मोठा वेग सांगतं.

मॉडेलमध्ये चारही चाकांना १० टक्के ब्रेक-स्लिप देऊन ७० चा वेग ठेवला. सूत्राने सांगितलं जवळपास ८०. सरळ पट्ट्याचं सूत्र नेहमी कमी सांगतं, हे मात्र चालकाच्या माथी दहा किलोमीटर जास्तीचे मारतं. एकाच तपासात दोन्ही सूत्रं शेजारी लिहिली जातात आणि दोन्हींना सारखाच मान दिला जातो, हे मला तरी धोक्याचं वाटतं.

सुटका रेषांमध्येच आहे. घर्षणबल घासण्याच्या बरोब्बर उलट दिशेने लागतं, म्हणून वळणाच्या केंद्राकडे जाणारा वाटा = पकड × रेषा-पट्टा कोनाचा साइन. ५० अंशांचा साइन ०.७७. तो सूत्रात घातला की ८० चे पुन्हा ७० होतात. रेषा ८० अंशांच्या आसपास असतील तर साइन ०.९८, दुरुस्ती न केली तरी चालेल. खऱ्या गाडीत प्रत्येक चाकाची स्लिप वेगळी असते, त्यामुळे सर्वात जास्त भार उचलणाऱ्या बाहेरच्या पुढच्या चाकाच्या रेषा आधी वाचायच्या, मग बाकीच्यांच्या.

१७ फेब्रुवारी

किरकोळ कामं. उताराची सोय केली: ५ टक्के उतारावर ०.७ चे ०.६५ होतात, चढावर ०.७५. ओल्या रस्त्यासाठी घर्षण कमी करून पाहिलं, पण आमचा गडदपणाचा नियम तिथे लागू पडत नाही. पाणी रबराला तापू देत नाही. तो भाग अहवालातून वगळला.

पट्ट्याच्या शेवटी गाडी कशावर तरी आदळली असेल तर वेग बेरजेने जोडायचा नाही, वर्गांनी जोडायचा. पट्ट्यात ६० चा वेग जिरला आणि आदळताना ४० उरला होता, तर सुरुवातीचा वेग ७२. शंभर नाही. आदळण्याच्या क्षणी पट्टा एकदम बाजूला फेकला जातो, कधी जागच्या जागी गडद होतो. टक्कर नेमकी कुठे झाली ते काचांच्या ढिगापेक्षा या वळशावरून जास्त खात्रीने कळतं. काचा उडून कुठेही जाऊन पडतात.

२४ फेब्रुवारी

प्रोग्रामचं शेवटचं रूप ठरलं. सरळ पट्ट्यासाठी तो एकच आकडा देतो आणि त्यापुढे "किमान" छापतो. लांबी टाकताना व्हीलबेस वजा केला का ते विचारतो. वळणाच्या कमानीसाठी रेषांचा कोन टाकल्याशिवाय त्याने उत्तरच देऊ नये, असं माझं मत होतं. जोडीदाराचं म्हणणं होतं की कोन नसेल तर निदान अंदाज तरी द्यावा, लोकांना काहीतरी हवंच असतं. मी अडून बसलो. शेवटी तडजोड झाली: कोन नसेल तर "कमाल" असा शेरा मारून आकडा द्यायचा, कारण ब्रेक असो वा अॅक्सिलरेटर, दोन्हींमुळे हा आकडा वरच जातो, खाली नाही.

फोटोवरून कोन काढायची सोय राहिली आहे. तिरपा काढलेला फोटो आधी सपाट करून घ्यावा लागतो, नाहीतर ५० अंशांचे सहज ६५ दिसतात. तेवढं मार्चमध्ये. दुचाकी या आवृत्तीत नाहीत. त्या वळताना कलतात, टायर कडेवर टेकतो आणि आमची उभ्या चाकाची सगळी गणितं तिथे नव्याने मांडावी लागतील.